धुराचे पेशंट

"दोनच ओळी लिहायच्यात," साहेब म्हणाले. "पहिली, हे खरे नाही. दुसरी, प्रश्न उद्भवत नाही. चार वाजेपर्यंत टेबलावर ठेवा."

मी उभ्या उभ्याच कागद वाचला. आमच्या भागातल्या एका आमदारांनी सभागृहात लेखी प्रश्न विचारला होता. खुलताबादच्या डोंगरात नुकत्याच लागलेल्या वणव्याच्या धुरामुळे पायथ्याच्या नागरिकांना श्वसनाचा त्रास झाला, हे खरे आहे काय? असल्यास किती जणांना? असे प्रश्न वरून खाली येत येत आमच्यासारख्या ऑफिसात पोचतात आणि उत्तरं इथूनच वर जातात. ज्याच्या टेबलावर कागद थांबतो, त्यानं लिहायचं. तो कागद माझ्या टेबलावर थांबला होता.

मी तेव्हा आरोग्य खात्यात सांख्यिकी अन्वेषक होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. गावोगावच्या दवाखान्यांतून येणारे आकडे तपासायचे, जुळवायचे आणि त्यातून काय दिसतं ते सांगायचं, हे माझं काम. बावीस वर्षं तेच केलं. लोकांना वाटतं, आम्ही फक्त बेरजा करतो. साहेबांनाही तसंच वाटायचं.

"सर, आकडे बघून लिहिते," मी म्हटलं.

"आकडे आहेत की. मंथली रिपोर्ट बघा ना. त्या महिन्यात खोकल्याचे पेशंट दर महिन्याइतकेच आहेत."

ते खरं होतं. रिपोर्ट माझ्याच कपाटात होता. पण वणवा पाच दिवस जळला होता आणि रिपोर्ट तीस दिवसांची बेरीज होती. पाच दिवस गर्दी झाली आणि उरलेले दिवस दवाखाना रिकामा राहिला, तरी महिन्याची बेरीज तीच येते. धुराचा त्रास असा झटपट होणारा. आज धूर छातीत गेला की आज, उद्या, फार तर तीन-चार दिवसांत माणूस दवाखान्यात येतो. त्यामुळे तो शोधायचा तर दिवसाचं रजिस्टर उघडावं लागतं. हे मी साहेबांना सांगितलं.

"जाधव मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला पीएचडी करायचीय का?"

पण उत्तर पाठवायला अजून चार दिवस होते आणि ते एका मीटिंगला निघाले होते. मी त्याच दुपारी दौऱ्याचा अर्ज ठेवला. हेडक्लार्कनं निघालेल्या साहेबांकडून न वाचताच त्यावर सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बजाजनगरच्या घरून निघून मी पिंपळदऱ्याची एसटी पकडली.

पिंपळदरा डोंगराच्या कुशीत, तीन बाजूंनी उतार आणि मधे गाव. वाटीच्या आकाराचं म्हणा ना. एसटीतून उतरले तर वरचा अख्खा उतार काळा. गवत जळून महिना होत आला होता, तरी वारा आला की राख उडायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. समीना होत्या. तिशीच्या, शहरातल्याच, बोलताना मधेच हिंदीत घसरणाऱ्या. मी कशासाठी आलेय ते सांगितलं, तशा त्या खुर्चीतून उठल्याच.

"मॅडम, एक महिना झाला, कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघतेय."

त्यांनी ओपीडी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. रविवारी दुपारी आग लागली, गुरुवारी विझली. मी सोमवारचं पान उघडलं आणि नावं बोटानं पुन्हा मोजली.

खोकला, दम, छातीत भरणं, डोळे चुरचुरणं, अशा तक्रारींचे एरवी सोमवारी दहा-बारा पेशंट असायचे. आगीच्या सोमवारी चार होते. मंगळवारी सहा. मंगळवार म्हणजे पिंपळदऱ्याचा बाजार. बाजाराला आलेले लोक जाता जाता दवाखानाही करून घेतात, म्हणून मंगळवारची ओपीडी कायम दुप्पट असते. तिथं सहा. बुधवारी पाच.

धुराच्या दिवसांत पेशंट कमी झाले होते. साहेबांना हेच हवं होतं. हे पान झेरॉक्स करून नेलं असतं तर त्यांनी मला चहा पाजला असता.

"हे असं कसं?" मी विचारलं.

डॉ. समीनांनी आवक-जावकची फाइल काढली आणि एक पत्र माझ्यापुढं सरकवलं. शहरात एका मोठ्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं महाआरोग्य शिबिर होतं. सोमवार ते बुधवार. पिंपळदऱ्याचे वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माता आणि अँब्युलन्स यांनी शिबिराच्या ठिकाणी हजर राहावं, असा आदेश. सोबत 'आवश्यक यंत्रसामग्री' आणावी. खाली आमच्या साहेबांची सही.

"यंत्रसामग्री म्हणजे?" मी विचारलं.

"नेब्युलायझर."

नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ करून मास्कमधून छातीत पोचवणारं छोटं मशीन. दम्याचा अटॅक आलेल्या माणसाला त्याच्याइतका पटकन आराम दुसऱ्या कशानं क्वचितच पडतो. केंद्रात ते एकच होतं.

"मी सोमवारी सकाळी फोन केला होता, मॅडम. म्हटलं, सर, गावात धूर भरलाय, मला राहू द्या. सर बोले, शिबिरात मंत्री येणार आहेत, धूर काय दोन तासांत जातो. तीन दिवस ते मशीन टेबलावर चादर घालून ठेवलं होतं. दाखवायला. एकाही पेशंटला लावलं नाही. और यहाँ... इथं सिस्टर एकट्या होत्या. त्या तरी काय करणार."

मला राग यायला तिथून सुरुवात झाली. आधी आला नव्हता, असं नाही. पण आधीचा राग कागदाचा होता. दवाखाना रिकामा करायचा, मग रिकाम्या दवाखान्याचं रजिस्टर दाखवून म्हणायचं, बघा, आजारी कोणी नव्हतंच. हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होते असंही नाही. पण सही इतकी ठळक कधी दिसली नव्हती.

आता माझ्यापुढं कामाचा प्रश्न होता. पेशंट इथं आले नाहीत, तर गेले कुठं?

गावातल्या आशाताई मंगलबाई मला न्यायला आल्या. आशाताई म्हणजे आरोग्य खात्यानं गावातूनच नेमलेली बाई. कुणाच्या घरी कोण आजारी, कोण गरोदर, हे तिला दारात न शिरताच ठाऊक असतं.

"लोखंडे डॉक्टरकडं गेले समदे," मंगलबाई म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी त्येंच्या ओट्यावर बसाया जागा नव्हती. बायका लेकरं घेऊन रस्त्यावर बसल्या व्हत्या."

लोखंडे डॉक्टर गावात पंचवीस वर्षं दवाखाना चालवत होते. त्यांची नोंद म्हणजे शाळेची शंभर पानी वही. तारीख, नाव, तक्रार, औषध. अक्षर मात्र मोत्यासारखं. एरवी अशा तक्रारींचे त्यांच्याकडं दिवसाला तीन-चार जण. आगीच्या सोमवारी एकोणीस. मंगळवारी पानं उलटत गेले तर एकतीस झाले. मी मागच्या पाच मंगळवारांची पानं काढली. बाजाराच्या दिवसाची तुलना बाजाराच्याच दिवसाशी करायची असते, नाहीतर बाजाराची गर्दी धुराच्या नावावर जाते. त्या पाच मंगळवारांत सगळ्यांत जास्त आकडा होता नऊ.

केंद्र आणि लोखंडे डॉक्टर दोन्ही एकत्र धरले की चित्र बदललं. आणि गुरुवारी डॉ. समीना परत आल्या, त्या दिवसाचं केंद्राचं पान तर दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. शुक्रवार, शनिवारही तसेच. त्यात निम्मी लहान मुलं.

पण एवढ्यानं भागत नाही. साहेब म्हणणार, मार्च महिना आहे, हवा बदलते, धूळ असते, व्हायरल असतं. आणि ते म्हणणं वाजवीही आहे. गर्दी वाढली हे एक, ती धुरानं वाढली हे दुसरं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. धूर नक्की कोणत्या दिवशी किती होता, आणि धूर नसलेल्या शेजारच्या गावात त्याच दिवशी काय झालं.

हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र शहरात होतं. पिंपळदऱ्यापासून ते इतकं लांब की त्याचा आकडा इथं लावणं म्हणजे पैठणचा पाऊस मोजून खुलताबादची पेरणी ठरवणं. मी मंगलबाईंना विचारलं, "धूर किती होता?"

"लई व्हता."

"म्हणजे किती?"

"मॅडम, लई म्हंजे लई. सकाळी तर हात लांब केला तर बांगड्या दिसंनात. धा-अकराला जरा उठायचा."

हे शास्त्राला धरून होतं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली येते आणि वाटीसारख्या गावात साचते. तिच्याबरोबर धूरही साचतो. ऊन चढलं की तो वर जातो. पण 'लई' हा शब्द मी नोटमध्ये कसा लिहिणार?

तेवढ्यात मंगलबाईंनी मला शाळेत नेलं. कदम सरांना भेटा म्हणाल्या, त्येंच्याकडं फोटो हाईत. कदम सर म्हणजे दोनशिक्षकी शाळेतले थोरले. परिपाठाचा फोटो रोज सकाळी ग्रुपवर टाकायचा, असा त्यांना वरून आदेश होता. त्या आदेशाला शिव्या देत देत ते दीड वर्ष रोज फोटो टाकत होते. रोज साडेसात वाजता, त्याच पायरीवर उभं राहून, त्याच दिशेला. पुढं मुलांच्या रांगा, मागं अंगणवाडी, तिच्या मागं मारुतीच्या देवळाचं शिखर, आणि शेवटी पाण्याची टाकी.

आम्ही दोघं मोबाइल घेऊन बसलो. आगीच्या आधी, रविवारच्या सुट्ट्या सोडल्या तर, रोज टाकी स्वच्छ. सोमवारी टाकी नाही. मंगळवारी टाकी नाही, शिखर नाही. बुधवारी अंगणवाडीसुद्धा नाही, नुसता पांढुरका पडदा आणि त्याच्यापुढं तोंडाला रुमाल लावून प्रार्थना म्हणणारी पोरं. गुरुवारी शिखर दिसायला लागलं. शुक्रवारी टाकी.

"सर, त्या दिवशी शाळा का सोडली नाही?" मी विचारलं. जरा तोडूनच विचारलं.

"सोडतो असं फोनवर विचारलं. लेखी आदेश असल्याशिवाय सोडू नका म्हणाले." कदम सर खाली बघत म्हणाले. "मी वर्गात नेलं पोरांना. खिडक्या लावल्या. पण आमच्या खिडक्यांना तावदानं कुठं आहेत?"

शाळेपासून टाकी किती लांब, शिखर किती लांब, ते मी पावलांनी मोजलं. किती अंतरावरचं दिसत नाही यावरून धूर किती दाट, याचा अंदाज बांधता येतो. यंत्राइतका अचूक नाही, पण प्रामाणिक. साडेसात वाजता धुकं असेल, अशी शंका कुणी काढली असती, म्हणून मी फेब्रुवारीचे थंडीतले फोटोही बघितले. टाकी दिसत होती.

मग डोंगरापलीकडचं सावरदरी. तिकडच्या उपकेंद्राचं रजिस्टर मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तोच मार्च, तीच धूळ, तोच बदलता हंगाम. पण वारा तिकडून इकडं होता, त्यामुळं धूर तिकडं गेला नाही. आठवडाभर त्यांच्याकडं खोकल्याचे पेशंट नेहमीइतकेच. तिथला कोणी डॉक्टर शिबिराला गेला नव्हता, हेही मी विचारून घेतलं.

माझं काम इथं झालं होतं. पिंपळदऱ्याला परत येऊन मी निघणार होते. मंगलबाई म्हणाल्या, "एका घरी चला. धोंडीबाबाकडं. तुमी विचारलं नाय, पन चला."

धोंडीराम मेंढपाळ. उताराच्या अगदी पायथ्याशी त्यांची वस्ती, पाच-सहा घरं. वय साठीचं, अंगावर घोंगडी, बोलणं हळू. त्यांची बायको गयाबाई आगीच्या बुधवारी सकाळी गेली होती. तिला जुना दमा होता. मंगलबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी प्रश्न कसा विचारावा याचा वाटेत विचार करत होते. पण त्यांनीच सुरुवात केली.

"मेंढरासाठी हिरवं गवत फुटावं म्हून तूच डोंगर पेटवला, असं म्हनले," धोंडीबाबा म्हणाले. "मंगळवारी सकाळच्याला खाकीवाले दोन जन आले. मला चौकीवर नेलं. दिवस मावळंपतूर बसवून ठेवलं. म्या म्हनलो, सायेब, माजी मेंढरं तर गंगथडीला, गोदावरीच्या काठाला हाईत लेकाबरुबर, इथं हाय काय माज्याकडं? आन बायको दमली हाय घरी, जाऊ द्या. म्हनले, बस गप."

"मग मावशींना कुणी नेलं दवाखान्यात?"

त्यांची सून दारात उभी होती. ती म्हणाली, "म्या नेलं. सरकारी दवाखान्यात गेलो तर सिस्टर म्हनल्या, डॉक्टर नाय, मशीन नाय. म्हनल्या, शहरात शिबिर हाय, तिकडं न्या. आता त्या बुढीला एसटीत उभं तरी राहता येत व्हतं का? लोखंडे डॉक्टरकडं नेलं. त्येंनी सुई दिली. म्हनले, मोठ्या दवाखान्यात न्या, गाडी बघा. गाडी कुठनं बघू? अँबुलन्स बी शिबिरातच."

बुधवारी सकाळी, धूर सगळ्यांत दाट होता त्या वेळी, गयाबाई घरातच गेली.

मी ग्रामपंचायतीतून मृत्यूच्या नोंदीची नक्कल घेतली होती. त्यात कारण लिहिलं होतं, वृद्धापकाळ. सुनेनं गयाबाईचं आधारकार्ड आणून दाखवलं. चोपन्न वर्षं. मी स्वतः त्या वर्षी त्रेपन्न पूर्ण केली होती.

धोंडीबाबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमी हिशोबवाल्या हाव म्हनं. मला येकच सांगा. धुरानंच गेली ना ती? तेवढं लिवून द्या."

मला हो म्हणता आलं नाही. आमच्या शास्त्रात एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. शंभर जण नेहमीपेक्षा जास्त आजारी पडले, हे आम्ही सांगू शकतो. त्यातला नेमका कोण धुरानं पडला आणि कोण एरवीही पडला असता, हे नाही सांगू शकत. गयाबाईला दमा होता. धूर होता. मशीन नव्हतं, डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, नवरा चौकीवर होता. यातलं कशानं गेली?

"बाबा," मी म्हटलं, "एकट्या त्यांच्याबद्दल मला लिहून देता येणार नाही. पण त्या आठवड्यात गावात काय झालं, ते सगळं लिहीन."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. मोठ्या ऑफिसातल्या माणसांकडून दुसरं काही येत नसतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून.

परत येऊन मी दोन दिवस नोट लिहिली. धूर नसता तर त्या आठवड्यात किती पेशंट अपेक्षित होते, प्रत्यक्ष किती आले, आणि दोन्हीतला फरक. मी एकच ठाम आकडा दिला नाही, कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके असं लिहिलं. अंदाज सांगायचा तर तो अंदाज आहे हेही सांगावं लागतं. पण अगदी कमीत कमी आकडा धरला, तरी नेहमीच्या दुपटीच्या वर जात होता. मृत्यूंबद्दल लिहिलं, की एवढ्या छोट्या गावाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, मात्र एका मृत्यूच्या नोंदीत कारण चुकीचं दिसतं, त्याची चौकशी व्हावी. शेवटी, तीन दिवस केंद्रात डॉक्टर, अँब्युलन्स आणि नेब्युलायझर नव्हते, म्हणून केंद्राचं रजिस्टर एकटं वापरू नये, असं कारणासह नोंदवलं. आदेशाचा क्रमांकही टाकला.

साहेबांनी नोट वाचली. दोनदा वाचली. दार लावून घ्या म्हणाले.

"हे काय आहे?"

"प्रश्नाचं उत्तर आहे, सर."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग धुरानं आजारी पडले, हे तुम्ही कोण ठरवणार? एक पेशंट दाखवा मला. एक. ज्याच्या केसपेपरवर लिहिलंय की धुरामुळे."

"केसपेपरवर तसं कुणीच लिहीत नाही, सर. खोकला लिहितात."

"म्हणजे सिद्ध होत नाही."

"कोणता एक, हे सिद्ध होत नाही. कितीतरी झाले, हे होतं."

"हे शब्दांचे खेळ आहेत. आणि शुक्रवार-शनिवारचे पेशंट कसे धरले तुम्ही? धूर तर गुरुवारी संपला!"

"धूर संपतो त्या दिवशी छाती साफ होत नाही, सर. लहान मुलांचा त्रास दोन-तीन दिवसांनी वाढतो. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी काय सांगणार?"

हे मी बोलायला नको होतं. की नेमकं हेच बोलायला हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"शिबिराचा उल्लेख काढा."

"तो काढला तर केंद्राच्या आकड्याचा अर्थच लागत नाही."

"जाधव मॅडम, तुमची पाच वर्षं राहिलीत. नीट काढा. जिल्ह्यात लांबची ऑफिसं पुष्कळ आहेत."

मी म्हटलं, "सर, तिथं एक बाई चोपन्नाव्या वर्षी वृद्धापकाळानं मेली, असं आपल्या रेकॉर्डवर आहे. तेवढं तरी दुरुस्त व्हायला हवं."

"रेकॉर्ड ग्रामपंचायतीचं आहे. आपलं नाही," ते म्हणाले आणि नोट बाजूला सारून त्यांनी स्वतः पेन उचललं.

उत्तर गेलं. दोन ओळींचं. मी केलं ते एवढंच, की माझी नोट फाइलला रीतसर पान क्रमांक घालून लावली, आवक नोंद केली आणि त्या नोंदीखाली हेडक्लार्कची सही घेतली. सरकारी फाइलमधून नंबर पडलेलं पान काढणं सोपं नसतं. साहेबांना ते दोन महिन्यांनी कळलं. तिसऱ्या महिन्यात माझी बदली पैठणला झाली. रोज एसटीनं जाऊन-येऊन चार तास मोडायचे. तीन वर्षं ते केलं.

पुढच्या वर्षी त्याच आमदारांनी पुन्हा प्रश्न विचारला. या वेळी कुणीतरी फाइलच मागवली आणि माझी नोट वर गेली. कोणी कुणाला शिक्षा केली नाही. साहेब तोपर्यंत बढती घेऊन गेले होते. फक्त एक परिपत्रक निघालं, की डोंगरालगतच्या केंद्रांतला डॉक्टर आणि अँब्युलन्स फेब्रुवारी ते मे या काळात बाहेरच्या कामाला लावू नये. पिंपळदऱ्याला दुसरं नेब्युलायझर आलं. डॉ. समीनांनी दम्याच्या पेशंटची यादी करून मंगलबाईंच्या हातात दिली. त्या उन्हाळ्यात डोंगर पुन्हा पेटला, तेव्हा यादीतल्या सगळ्यांना पहिल्याच दुपारी सावरदरीच्या समाजमंदिरात हलवलं. त्या वर्षी पेशंट बरेच कमी आले. ते तयारीमुळे, की आगच लहान होती म्हणून, हे मला सांगता येणार नाही. वरून मला विचारणा झाली, तेव्हा मी तसंच लिहून दिलं.

गयाबाईची नोंद दुरुस्त करायला मात्र चौदा महिने लागले. लोखंडे डॉक्टरांनी आपल्या वहीच्या आधारानं दाखला दिला, डॉ. समीनांनी शिफारस केली, ग्रामसेवक तीनदा बदलले. शेवटी कागद हातात आला तेव्हा मी सुट्टी काढून तो स्वतः नेऊन दिला. धोंडीबाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. मृत्यूचं कारण, दम्याचा तीव्र झटका.

त्यांनी दोनदा ऐकलं. मग विचारलं, "यात धूर हाय का?"

"नाही, बाबा. या फॉर्ममध्ये तसं लिहायला जागाच नाही."

"आन मी चौकीवर व्हतो, ते?"

"तेही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कागद घडी करून आत ठेवायला गेले.

आता निवृत्त झाल्यावर नवीन लागलेली मुलं-मुली कधी कधी फोन करतात. अमुक गावात असं झालंय, आकडे काहीच दाखवत नाहीत, काय करू विचारतात. मी त्यांना सांगते, महिन्याची बेरीज बाजूला ठेवा, दिवसाचं रजिस्टर मागा. आणि पेशंट कमी दिसले, तर खूश होण्याआधी चौकशी करा, की त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर होता का.